वायपर बंद का होते

फिनिक्स गावी काकांच्या अंगणात गाडी थेट आत नेता येत नसे. फाटकाबाहेर ती उभी करायची, आत जाऊन पत्र्याच्या आडोशाखालच्या बाकावर बसायचं आणि काय झालं ते सांगायचं. आपलं सांगून संपेपर्यंत ते गाडीकडे वळूनसुद्धा बघत नसत. घाईत असलेला माणूस "गाडी बिघडलीय" एवढंच बोलून उठू लागला, की ते त्याला हाताने खाली बसवत.

"ता मला कळला. चांगली असती तर तू इथं कशाला आला असतास? आता पहिल्यापासून सांग."

ते गाड्यांचे इलेक्ट्रिशियन होते. इंजिनाच्या बाकी कशाला ते हात लावत नसत. बॅटरी, डायनामो, वायरी आणि डॅशबोर्डवरचे दिवे, एवढंच त्यांचं जग. पण त्या जगात मी त्यांच्यासारखा दुसरा माणूस पाहिला नाही. अंगात कायम इस्त्री केलेला पांढरा शर्ट असे आणि त्यावर मी कधी डाग पाहिला नाही. हत्यारं म्हणजे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावतील तेवढी. स्वतःची गाडी नव्हती. गाडी चालवायला ते शिकलेच नव्हते. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आपली गाडी असली की माणूस तिची बाजू घ्यायला लागतो."

आसपासचे सगळे त्यांना 'तोंतों' म्हणत. क्रेओलमध्ये तोंतों म्हणजे काका. मी मराठीतच काका म्हणायचे, आणि त्याचा त्यांना आनंद व्हायचा. आमच्यासारखेच त्यांचेही पूर्वज कोकणातून या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला आले होते. त्यांची मराठी घरात ऐकून आलेली. माझी संध्याकाळी बैठकेत भरणाऱ्या मराठीच्या वर्गात पुस्तकातून शिकलेली. "तुझी मराठी इस्त्रीची हाय, बाय," ते म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात गाडीच्या भागांची नावं इंग्रजी, क्रियापदं मराठी आणि राग आला की सगळं क्रेओल.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा मी क्वात्र बॉर्नला एका सरकारी कचेरीत कारकून होते. राहायला क्युरपिपला. रोजच्या जाण्यायेण्यासाठी मी एक जुनी गाडी घेतली होती. आमच्या घराण्यात गाडी चालवणारी मी पहिलीच बाई, त्यामुळे त्या गाडीचं काही बिनसलं की घरातले पुरुष आधी माझ्याकडे बघत. क्युरपिपला सकाळी धुकं आणि पाऊस नेहमीचाच. मी हेडलाइट लावले की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटायचा. पूर्ण नाही, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. दोन गॅरेजवाल्यांनी दोन महिने गाडी तपासली. डायनामो बदलला, रेग्युलेटर बदलला. दिवा तसाच. दुसरा गॅरेजवाला माझ्या भावाला म्हणाला, "मादामच्या चालवण्यातच काहीतरी आहे."

म्हणून भाऊ मला घेऊन काकांकडे गेला. बाकावर बसल्याबसल्या त्याने बोलायला सुरुवात केली. काकांनी त्याला थांबवलं.

"गाडी कोण चालवतो?"

"ही."

"मग तू कशाला बोलतोस? बाय, तू सांग."

मी सांगितलं. त्यांनी मधे फारसं विचारलं नाही. दिवा चढावर जास्त पेटतो का, वायपर लावल्यावर वाढतो का, असं दोनतीनदा. मग थोडं थांबून त्यांनी एक वेगळाच प्रश्न केला.

"सकाळी गाडी सुरू करताना चोकची तार ओढतेस ना? तेव्हा हाताला काय लागता?"

मला आठवावं लागलं. "कोमट लागते. स्टार्टर जास्त वेळ फिरवला तर चांगली गरम. मला वाटलं, इंजिनाची ऊब असेल."

"रातभर पावसात उभ्या गाडीच्या इंजिनाला ऊब कुठली?"

ते उठले, फाटकाबाहेर गेले, बॉनेट उघडलं आणि इंजिन नि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी तांब्याची जाड पट्टी बोटाने हलवून दाखवली. ती एका टोकाला सैल झाली होती आणि तिच्यावर हिरवा थर चढला होता. विजेला परत जायला नेहमीची वाट मिळत नव्हती, म्हणून ती चोकच्या बारीक तारेतून जात होती आणि तार तापत होती. काकांनी पट्टी काढली, दोन्ही टोकं घासून लख्ख केली, घट्ट बसवली. हेडलाइट लावले, वायपर लावले. लाल दिवा पेटला नाही. दोन महिने जे कुणाला सापडलं नव्हतं, ते त्यांना बाकावर बसूनच सापडलं होतं, आणि तेही मी सांगितलेल्या गोष्टीतून. माझ्या हाताला काय लागतं, हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

जाताना त्यांनी मला त्या दिव्याचं काम समजावून सांगितलं. "ह्यो दिवा दोघांच्या मधी उभा हाय. एका बाजूला बॅटरी, एका बाजूला डायनामो. दोघांचा जोर सारखा झाला की त्याला काम उरत न्हाय, विझतो. जोर कमीजास्त झाला की पेटतो. दुखताय, एवढाच तो सांगतो. कुठं दुखताय ता आपण बघायचा."

त्यानंतर काही काम नसलं तरी मी महिन्यातून एखाद्या शनिवारी तिथे थांबू लागले. काकी चहा करायच्या. आडोशाच्या एका बाजूला बॅटऱ्या आणि दुसऱ्या बाजूला काकींची अँथुरियमची फुलं, आणि मधल्या सीमेवरून दोघांची रोजची कुरबुर. "मला बघायला आले तेव्हापण असाच," काकी सांगायच्या. "सगळी माणसा बसलेली. आणि हे मला विचारतात, पहिल्यापासून सांग. काय सांगणार मी?"

काकांच्या डब्यात मीटर होता, पण तो ते क्वचितच काढत. त्यांचा भरवसा दोन वायरी जोडलेल्या एका साध्या बल्बवर. एका तरुण मेकॅनिकने त्यांना त्यावरून डिवचलं, तेव्हा त्यांनी त्याच्याकडून एक गंजलेला जोड मीटरने तपासून घेतला. काटा अगदी बरोबर बारा व्होल्टवर. मग त्याच जोडाला आपला बल्ब लावला. तो पेटलाच नाही. "मीटरला चमचाभर पाणी पुरता," ते म्हणाले. "बल्बला बादली लागते. वाट कवढी मोठी हाय ता बल्ब सांगतो."

आणि एकदा ते चुकले होते, तेही सांगायला हवं. एका डॉक्टरांच्या गाडीची बॅटरी उतरत होती. काकांनी एक स्विच बदलला, गाडी नीट झाली, डॉक्टर खूश होऊन गेले. आठवड्याने काका बस पकडून, पुढे बरंच चालत, डॉक्टरांच्या घरी पोचले. डॉक्टर घाबरले, काकांच्या घरी कुणी आजारी आहे की काय. काका म्हणाले, "गाडी सुधारली, पण मी सांगितला त्या कारणाने न्हाय. स्विच काढताना मी मागची वायर हलवली, दोष तिथं हुता. मला काल रातीला समजला. तुम्हाला चुकीचा सांगून आलोय, म्हणून आलो." गाडी उत्तम चालत असताना हे सांगायला दुसरं कोणी आलं असतं असं मला वाटत नाही. डॉक्टर ही हकिगत पुढे कितीतरी वर्षं सांगत.

पण मी काकांना खरं ओळखलं ते रोलांच्या चौकशीत.

रोलां आमच्या कचेरीचा ड्रायव्हर. कमी बोलणारा, निवृत्तीच्या जवळ आलेला. कचेरीची जुनी व्हॅन तो वर्षानुवर्षं चालवत होता. एका पावसाळी दुपारी फिनिक्सकडून क्युरपिपच्या चढावर त्या व्हॅनचं इंजिन जाम झालं. तेल गळून संपलं होतं. इंजिन कायमचं गेलं. साहेबांनी चौकशी लावली. आरोप असा की तेलाचा लाल दिवा पेटलेला असतानाही रोलां गाडी दामटत राहिला. त्यात एका गृहस्थांनी साक्ष दिली की भर पावसात व्हॅनचे वायपर बंद होते आणि ड्रायव्हर खिडकीबाहेर डोकं काढून गाडी चालवत होता. याचा अर्थ सगळ्यांनी एकच काढला. तो प्यायलेला असणार.

चौकशीचं टिपण लिहायला मी होते. साहेब विचारत होते, रोलां क्रेओलमध्ये उत्तर देत होता.

"तेलाचा दिवा पेटला होता?"

"नाही, मिस्ये. बॅटरीचा पेटला होता."

"डायनामो तपासलाय. त्यात काही दोष नाही. वायपर बंद होते, हे खरं?"

"खरं."

"डोकं बाहेर काढलं होतं?"

"हो."

साहेबांनी माझ्याकडे बघून लिहून घ्यायची खूण केली. वर्कशॉपच्या फोरमनने सांगितलं की त्याने स्वतः चावी फिरवून पाहिली, दोन्ही दिवे पेटतात. म्हणजे दिवा चांगला, माणूस खोटा. पुढच्या मंगळवारी निकाल द्यायचा ठरलं. नोकरी जाणार हे उघड होतं.

चौकशीतलं बाहेर बोलायचं नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही शनिवारी मी काकांच्या बाकावर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मी संपवल्यावर त्यांनी एवढंच विचारलं.

"वायपर बंद का होते?"

"ते कुणी विचारलं नाही."

"तू लिवलास ना? मग लिवताना तुला वाटला न्हाय, विचारावा?"

मी बाकावरून उठले. ते म्हणाले, "जा, विचारून ये."

मी तशीच रोलांच्या घरी गेले. त्याची बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. मला पाहून तिचे हात थांबले. रोलां बाहेर आला. मी विचारलं, वायपर बंद का होते.

"बॅटरी वाचवायला," तो म्हणाला. "चार्जिंग बंद पडलं की आहे त्या बॅटरीवर गाडी थोडी जाते. वायपर वीज खातात. मी म्हटलं, ते बंद केले तर क्युरपिपपर्यंत पोचेन. काचेतून दिसेना म्हणून डोकं बाहेर काढलं." मग तो म्हणाला, "प्यायलेला माणूस इतका विचार करतो का?"

मी परत फिनिक्सला आले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. काकींनी ठेवलेला चहा निवून गेला. मग म्हणाले, "तो खरा बोलतो. आता मला सांग, त्या गाडीचा डॅशबोर्ड आधी कवा उघडला हुता?"

सोमवारी मी व्हॅनची फाइल काढली. इंजिन जाम होण्याच्या काही आठवडे आधी वेग दाखवणाऱ्या काट्याची केबल तुटली होती. ती बदलायला वर्कशॉपने काटे नि दिवे असलेली डॅशबोर्डची पाटी बाहेर काढली होती. त्याच दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि बाहेर बोलल्याचं कबूल केलं. ते फार चिडले. मला लेखी समज मिळाली, ती माझ्या फाइलला शेवटपर्यंत राहिली. पण रागावून झाल्यावर त्यांनी मी नेलेला फाइलमधला कागदही वाचला, आणि त्या माणसाला बोलवा म्हणाले.

मंगळवारी काका बसने आले. तोच पांढरा शर्ट आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा. व्हॅन कचेरीच्या मागच्या आवारात उभी होती. साहेब, फोरमन, वर्कशॉपचा एक फिटर, रोलां आणि वही घेतलेली मी.

"तुमच्याकडे प्रमाणपत्र काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय, साहेब. तुम्ही गाडीत बसा आणि चावी फिरवा."

साहेबांना असं ऐकून घ्यायची सवय नव्हती. तरी ते बसले. चावी फिरवली.

"काय दिसता?"

"दोन दिवे. एकावर बॅटरीचं चित्र, एकावर तेलाच्या बुधलीचं."

"मी म्हटलं होतं," फोरमन म्हणाला.

काकांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या बाजूला असलेला तेलाचा स्विच साहेबांना लांबून दाखवला. "तेलाच्या दिव्याची वायर ही हितं येते. मी ती काढतो. तेलाचा दिवा विझायला पायजे. काय विझला ता तुम्ही मोठ्याने सांगा."

त्यांनी वायर उपसली.

साहेबांनी डॅशबोर्डकडे पाहिलं. मग ते पुढे वाकले.

"बॅटरीचा विझला," ते म्हणाले.

"लावतो पुन्हा. आता?"

"बॅटरीचा पेटला."

"पुन्हा काढतो."

"बॅटरीचा."

काकांनी हात पुसले. पाटीच्या मागे दोन्ही बल्बांची भोकं सारखी असतात, बल्ब नुसते दाबून बसवायचे असतात, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. परत बसवताना अदलाबदल झाली होती. चावी फिरवली की दोघे एकदमच पेटत, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. रस्त्यात तेल संपलं तेव्हा पेटला तो बॅटरीच्या चित्रामागचा दिवा. रोलांने तो पाहिला आणि बॅटरीच्या दिव्याला जे करायला हवं ते सगळं केलं.

"आता त्याला विचारा," काका म्हणाले. "वायपर बंद का होते."

साहेबांनी विचारलं. रोलांने सांगितलं. या वेळी साहेबांनी मला लिहून घ्यायची खूण केली नाही, पण मी एकेक शब्द लिहिला.

"पाटी कुणी बसवली होती?" साहेब वळून म्हणाले.

"मला म्हायत न्हाय," काका म्हणाले. "मी दिवा बघायला आलो, साहेब. माणूस न्हाय."

फाइलमध्ये फक्त वर्कशॉपचा शिक्का होता, सही नव्हती. कुणी काही बोललं नसतं तर ते तिथेच संपलं असतं. मागे उभा असलेला फिटर पुढे आला. चाळिशीचा माणूस. "मी बसवली होती," तो म्हणाला. मग रोलांकडे वळून क्रेओलमध्ये म्हणाला, "मला आतापर्यंत ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो."

रोलां त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा त्याच्या अंगावर जाईल. रोलांने टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. "पा ग्राव," तो म्हणाला. असू दे. आणि तो आवाराच्या टोकाला जाऊन, आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभा राहिला.

काका फिटरजवळ गेले. "दोन्ही भोकं सारखी असतात," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या हातूनपण झाला असता. बसवल्यावर एकेक वायर काढून बघायची, बस." मग त्यांनी त्याच्याकडूनच बल्ब बदलून घेतले आणि त्याच्याकडूनच तपासून घेतले.

साहेबांनी काकांना कचेरीच्या दुसऱ्या गाडीने घरी सोडायला सांगितलं. ती सुरू होऊन समोर आली. काका क्षणभर कान देऊन उभे राहिले. "हिच्या डायनामोचा पट्टा सैल हाय," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं आणि ते बसथांब्याकडे चालत गेले.

रोलांची नोकरी राहिली. तो सन्मानाने निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी त्याने भाषण केलं नाही, पण त्याची बायको माझ्याजवळ येऊन माझा हात हातात घेऊन बसली. मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढीच शरमही. टिपण मी लिहिलं होतं, तो प्रश्न माझ्या वहीत मोकळा पडला होता, आणि तो दिसला दुसऱ्याच माणसाला, ज्याने रोलांला कधी पाहिलंही नव्हतं.

पुढे ऐंशीच्या दशकात बेटावर नव्या तऱ्हेच्या गाड्या येऊ लागल्या. डॅशबोर्डवर दिव्यांची रांगच. काही दिवे कशासाठी आहेत हे मालकांनाही ठाऊक नसे. माझा भाचा तशी एक गाडी घेऊन काकांकडे गेला. काकांनी नेहमीसारखं सगळं ऐकलं, बाहेर जाऊन बॉनेटखाली बराच वेळ पाहिलं आणि परत येऊन म्हणाले, "हे मला येत न्हाय." तोवर काकांचं वय सत्तरीकडे झुकलं होतं. मी मनात म्हटलं, संपलं आता, काका आडोसा बंद करतील. काकींनाही तसंच वाटलं असावं. अँथुरियमच्या कुंड्या त्यांनी थोड्या पुढे सरकवल्यासुद्धा.

काही महिन्यांनी क्युरपिपला बाजारातून येताना पाऊस लागला म्हणून मी एका गॅरेजच्या वळचणीखाली थांबले. आत तिशीतला एक माणूस गाडीत अर्धा शिरून काहीतरी समजावत होता. शेजारी पांढऱ्या शर्टात काका उभे होते. हातात शाळेच्या मुलांची असते तशी रेघांची वही. फिनिक्सहून आठवड्यातून दोनदा ते बसने येतात, हे मला त्या माणसाने नंतर सांगितलं. काकांनी त्याचं बोलणं लिहून घेतलं, लिहिलेलं वाचून पाहिलं आणि मान हलवली.

"न्हाय समजला," ते म्हणाले. "परत सांग, बाबा."

त्याने परत सांगितलं. काका पुन्हा लिहू लागले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ते अवघडतील असं मला वाटलं. त्यांनी नुसती वही माझ्याकडे वळवून दाखवली. भरलेली पानं होती ती जेमतेम चार. बाकी सगळी कोरी.

"बघ बाय, कवढा हाय अजून," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.